चाचा पडद्यात बसले

विहिरीने त्या वर्षी साफ दगा दिला. वाकून पाहिलं तर तळाशी गुडघाभर पाणी, आणि त्यात चाचांचं स्वतःचं गढूळ तोंड. घरापुरतं आणि गाईपुरतं निघायचं, तेवढंच. शेत उघडं पडलं. नांगर भिंतीला टेकून बसला आणि चाचा ओट्याला. मुलगा मळणीयंत्रावर ड्रायव्हर, तो यंत्राबरोबर पार लांबच्या मुलखात गेलेला, हंगाम संपल्याशिवाय यायचा नाही. घरात उरले चाचा, चाची आणि सून.

गावात त्यांना कायदेचाचा म्हणत, आणि ते काही उगाच नाही. त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला कायदा होता. पाणी बसून, तीन घोटांत प्यायचं. चप्पल आधी उजव्या पायात घालायची. गाईला दाव्यातून डाव्या बाजूने सोडायचं. यातले अर्धे कायदे मशिदीत ऐकलेले, अर्धे त्यांनी घरी बसवलेले, आणि पहिले कुठे संपतात नि दुसरे कुठे सुरू होतात हे खुद्द त्यांनाही सांगता आलं नसतं. माणूस मात्र मनाचा साफ. रागवायचा, पण राग जेवणापर्यंत टिकायचा नाही.

तर एका संध्याकाळी सून जेवण वाढता वाढता म्हणाली, "अब्बा, सडकेच्या शेडमध्ये लसूण आलाय. बायका घेताहेत निवडायला. मी जाऊ?"

चाचांचा घास हातात राहिला. त्यांनी सुनेकडे पाहिलं. पोरगी शेतात वाढलेली. या घरात आल्यापासून पेरणी म्हणू नका, खुरपणी म्हणू नका, सगळीकडे पुढे. यंदा शेतच नाही म्हटल्यावर तिने अंगण इतक्यांदा सारवलं होतं की उंबरा आता ठेंगणा दिसायला लागला होता.

"कशाला?" चाचा म्हणाले. "घरात काय कमी आहे?"

"काही कमी नाही. हात रिकामे आहेत. अब्बा, खरं सांगू? दिवस जाता जात नाही. मला वेड लागेल घरात बसून."

आता सरळ नाही म्हणावं, तर चाचांना आधी कायदा लागायचा. त्यांनी घसा साफ केला.

"बाईने कामाला जाऊ नये असं मी म्हणणार नाही. कुणी म्हणालं तर मी त्याच्याशी भांडेन. पैगंबरांच्या बेगम हजरत खदीजा, त्यांचा केवढा व्यापार होता! आणि बाईची कमाई बाईचीच, नवऱ्याचाही तिच्यावर हक्क नाही, हे तर शरियतच सांगते. पण," आणि इथे त्यांनी बोट वर केलं, "बाहेर जायचं तर मेहरम बरोबर पाहिजे. नवरा, नाहीतर बाप, भाऊ, ज्याच्याशी लग्न होऊच शकत नाही असा घरचा पुरुष. तो असेल तर खुशाल जा."

बोट खाली घेऊन चाचा पुन्हा जेवायला लागले. नवरा यंत्रावर, बाप तीन गावं ओलांडून, भाऊ होता, पण तोही बापाजवळच. म्हणजे विषय संपला. नाही म्हणायची पाळीही आली नाही. चाचांना जेवण फार गोड लागलं.

चाची ताटातली मिरची बाजूला काढत होत्या. मान वर न करता त्यांनी विचारलं, "अहो, सासरा मेहरम असतो का हो?"

कायद्याचा प्रश्न कुणी विचारला की चाचांची कळी खुलायची. "म्हणजे काय! सासरा तर कायमचा मेहरम. उद्या काहीही होवो, ते नातं पुसलं जात नाही."

"मग झालं तर. तुम्हीच जा तिच्याबरोबर. शेत बसून आहे, तुम्हीही बसूनच आहात."

सून चटकन चुलीकडे वळली. तिचे खांदे हलत होते. चाचांना ठसका लागला, आणि पाणी प्यायचं तर आधी नीट बसायला हवं, म्हणून ते बसल्या जागी पुन्हा बसले.

दुसऱ्या दिवशी पहाटे ते मशिदीत गेले ते थोडी आशा धरूनच. नमाज झाल्यावर मौलवीसाहेबांना कोपऱ्यात घेतलं. मौलवीसाहेब वयाने चाचांपेक्षा लहान, आणि त्यांना हसू लवकर यायचं.

"लांबच्या प्रवासाला निघाली असती तर मेहरमचा प्रश्न होता," ते म्हणाले. "इथे हाकेच्या अंतरावर, दिवसाउजेडी, पंचवीस-तीस बायकांत बसून काम करायचं. नीट कपड्यात जावं, नीट यावं. मी कशाला अडवू? अट तुम्ही घातलीत चाचा, तुम्हीच काढा."

पण आपणच घातलेली अट दुसऱ्याच दिवशी काढायची, तीही चाचीसमोर? चाचांनी त्यापेक्षा अख्खा लसूण सालासकट गिळला असता. त्यांनी धुतलेला सदरा घातला, जपमाळ खिशात टाकली, आणि सुनेच्या पुढे चार पावलं चालत सडकेला लागले.

शेड म्हणजे वर पत्रा, तिन्ही बाजूंनी निम्म्या भिंती, आणि आत लसणाचे ढीग. त्याभोवती गोल करून बायका बसलेल्या. हातात कात्री. पात कापायची, मुळं छाटायची, सैल सालं अंगठ्याने झटकायची आणि गड्डा मोठा, मधला, बारीक बघून त्या त्या क्रेटमध्ये टाकायचा. सालं हवेत उडत होती, केसांत, पापण्यांवर, चहाच्या पेल्यात बसत होती. वासाने नाकाचं पाणी आणि डोळ्यांचं पाणी एक झालं होतं. मुकादमीण म्हणजे एक दांडगी विधवा बाई. तिचा आवाज असा की सडकेवरचा ट्रकवाला दचकून ब्रेक दाबायचा.

चाचा आत आले आणि कात्र्या थांबल्या. सरसर सगळ्या ओढण्या कपाळावर आल्या. कुणी ओढणीचं टोक दातात धरलं, कुणी भिंतीकडे तोंड केलं.

"चाचा, काय हवंय?" मुकादमिणीने विचारलं.

"काही नको. सुनेबरोबर आलोय. मी तिचा मेहरम."

"बरं. तिचे मेहरम. आणि आमचे?"

एवढी साधी गोष्ट, आणि रात्रभर चाचांच्या डोक्यात आली नव्हती! ते एकीचे सासरे होते. उरलेल्या सगळ्यांना ते परके पुरुष होते, आणि परक्या बायकांत जाऊन दिवसभर बसणाऱ्या पुरुषाबद्दल त्यांच्याकडे एक नाही, चांगले चार-पाच कायदे होते. ते सगळे त्यांना एकदमच आठवले.

"मी तोंड फिरवून बसतो," ते पुटपुटले.

"तुम्ही फिरवाल हो, पण आमच्या बायांना धीर नको? ही बघा, दातात ओढणी धरून कात्री चालवायची म्हणजे बोट जायचं," मुकादमीण म्हणाली. "एवढ्या जणींनी पडदा धरण्यापेक्षा एकट्या तुम्हीच घ्या की पडद्यात."

बायका फिस्सकन हसल्या. हां हां म्हणता चार गोणपाटं उसवली गेली, दाभणाने एकमेकांना शिवली गेली, आणि कोपऱ्यात दोरी बांधून पडदा लागला. आत एक उलटा क्रेट. चाचा त्या क्रेटवर जाऊन बसले आणि पडदा सरकला. बाहेर ओढण्या पुन्हा मागे गेल्या, कात्र्या चालू झाल्या, आणि कुणीतरी कसलंसं गाणं धरलं.

आता आत बसून माणसाने करावं काय? समोर गोणपाट, मागे भिंत, वर पत्रा. पत्रा तापला की चाचाही तापायचे. जपमाळ फिरवावी तर बाहेर एखादी बाई आपल्या नणंदेची अशी काही नक्कल करायची की मणी तिथल्या तिथे राहायचा. शिंका तर इतक्या यायच्या की बाहेरून हळूच कुणीतरी "अल्ला रहम करे" म्हणायची आणि बाकीच्या दुमदुमून हसायच्या. नमाजाआधी वजूला, हातपाय धुवायला नळाशी जायचं तर आधी आतून खाकरायचं, "येतोय!" म्हणायचं, मग मुकादमीण ओरडायची, "थांबा!" तोवर थांबायचं, आणि "या!" म्हटलं की खाली मान घालून पळत सुटायचं. तिसऱ्या दिवशी ती "या" म्हणायला विसरली. चाचा तसेच एका पायावर ताटकळत उभे राहिले. शेवटी सुनेच्याच लक्षात आलं.

घरी परतताना सून म्हणाली, "अब्बा, फार त्रास होतोय का?"

"छे! त्रास कसला? कायदा म्हटला की थोडं सोसायचंच," चाचा म्हणाले. पण त्यांनी पाहिलं, पोरगी चालत नव्हती, जवळजवळ उडत होती. बोटांची टोकं लाल झालेली, नखांत काळं, अंगाला तो उग्र वास, आणि तोंडावर मात्र असं तेज की ईदची सकाळ असावी. दोन दिवसांत तिचा हात सगळ्यांत जलद ठरला होता. मुकादमिणीने तिला मोठ्या गड्ड्यांच्या ढिगावर बसवलं होतं. हे सगळं ती हातवारे करून सांगत होती आणि चाचा नुसतं हं हं करत होते.

पडद्याखालून पहिली पाहुणी आली ती पाचव्या-सहाव्या दिवशी. आधी एक शेंबडं नाक आत आलं, मग दोन हात, मग उरलेली पोर. रांगत आली ती थेट चाचांच्या गुडघ्याला धरून उभी राहिली, आणि दाढी ओढून बघितली. खरी आहे अशी खात्री पटल्यावर तिथेच बसली.

"कुणाची आहे ही?" चाचांनी आतून विचारलं.

"माझी, चाचा!" बाहेरून एक घाबरा आवाज आला. ती न्हाव्याची बायको होती. "द्या बाहेर ढकलून. सुखाने काम करू देत नाही मेली."

"राहू दे," चाचा म्हणाले. "इथे काय, मी रिकामाच आहे."

झालं! बाहेर हे शब्द पडले मात्र, दुसऱ्या दिवशी पडद्याखालून तीन आली. त्यातलं एक पाळण्यातलं. आठवड्याभरात आत बसायला चाचांनाच जागा उरली नाही. त्यांनी घरून जुनी सतरंजी आणली, गाईचं जास्तीचं दावं आणलं, पत्र्याच्या तुळईला झोळी टांगली. आणि अर्थात, कायदे केले. झोळी आळीपाळीने मिळेल. चावणाऱ्याला झोळी नाही. माती खायची नाही, लसूणही खायचा नाही. पाणी बसून, तीन घोटांत. दीड-दोन वर्षांची ती पोरं तीन घोट कसली मोजताहेत, पण बसायची मात्र.

मग आतून हुकूम सुटायला लागले. "हिरव्या झबल्याच्या आईने ऐकावं! याला भूक लागली आहे!" की पडद्याखालून पोर बाहेर, आणि पोट भरलं की तसंच आत. "ज्याचा एक दात आलाय तो कुणाचा? याला दुसरा येतोय! अंग गरम आहे जरा!" त्या दिवशी दात येण्याच्या आनंदात कुणीतरी चहा आत सरकवला. चाचांची कंबर दुखायची, सदऱ्यावर रोज नवे डाग पडायचे, आणि चाचीला त्यांनी रात्री सांगितलं, "अगं, त्या न्हाव्याच्या पोरीला मी काही न धरता उभं राहायला शिकवलं. आपल्या पोराला कधी शिकवलं मी?"

"तुम्हाला कुठे माहीत होतं तो कधी उभा राहिला ते," चाची म्हणाल्या. "तुम्ही शेतात होतात."

चाचा सदऱ्यावरचा डाग नखाने खरवडत राहिले.

सगळं असं छान चाललेलं असताना चाचा एका संध्याकाळी चहाच्या टपरीवर गेले. बाकड्यावर चारपाच जण होते, त्यात तो न्हावीही. दुकान अगदी समोर, तोंड सदा सुटलेलं.

"या या, चाचा! आज पडदा नाही केला?" न्हावी म्हणाला. "अरे, उठा रे, तोंड फिरवा, पडदानशीन आलेत!"

बाकडं हसून हलायला लागलं. एकाने खरंच तोंड फिरवलं. दुसऱ्याने विचारलं, "चाचा, दाढी करायला न्हावी घरी पाठवायचा की न्हावीण?" चाचांनी हसायचा प्रयत्न केला, पण ओठ वळले नाहीत. आयुष्यभर गावाला कायदा सांगितलेला माणूस. लोक वैतागायचे, पण असं कधी कुणी हसलं नव्हतं. कान गरम झाले. चहा अर्धा टाकून ते उठले आणि मागच्या गल्लीने घरी आले.

"उद्यापासून शेड बंद," त्यांनी अंगणातूनच सांगितलं.

सून हातावर मीठ चोळत बसली होती, लसणाचा वास जावा म्हणून. तिचे हात थांबले. "का अब्बा?"

"गाव हसतंय मला. पडद्यात बसतो म्हणून. उद्यापासून मी येणार नाही. मेहरम नाही म्हणजे तूही नाही."

चाची काही बोलायला गेल्या, पण सुनेने हाताने थांबवलं. ती उठली, चाचांसमोर उभी राहिली. डोळे भरले होते, आवाज मात्र ठाम होता.

"अब्बा, मी रोज ओढणी नीट बांधून, बुरखा घालून बाहेर पडते. मला त्याची तक्रार नाही, मी मनापासून घालते. पण मी पडदा घेते ते बाहेर पडायला. आणि तुम्ही, पडद्यात बसावं लागलं म्हणून, घरी बसताय. बरं, तुम्ही बसा. पण तुम्हाला लोक हसले, त्यात माझं काय चुकलं? मला तिथे किती बरं वाटत होतं, माहीत आहे का तुम्हाला?"

एवढं बोलून ती आत गेली. चाचांनी या बोलण्यावर कायदा शोधला. एकही सापडला नाही. त्या रात्री राग जेवणानंतरही टिकला, पण तो कुणावर आहे हे काही त्यांना नीट कळेना.

सकाळ झाली. सून चुलीपाशी मुकाट बसली होती. चाचा ओट्यावर. सडकेवरून बायकांचा घोळका शेडकडे गेला, त्यांचा आवाज लांब गेला. चाचांनी गाय सोडली, उजवीकडून सोडली, त्यांच्या लक्षातही आलं नाही. मांडी उगाच हलत होती, झोळी हलवायची सवय लागलेली.

ऊन जरा वर आलं आणि गल्लीतून मोठ्ठा भोंगा आला. भोंगा म्हणजे न्हाव्याची पोरगी, आणि ती होती न्हाव्याच्या काखेत. गालाला दाढीचा साबण, मुठीत दाढीचा ब्रश. न्हाव्याच्या कपाळाला घाम, आणि एका खांद्यावर जे काही सांडलं होतं ते पाणी नव्हतं.

"चाचा, हिला घ्या," तो म्हणाला. "पाया पडतो."

"का रे? हिची आई?"

"ती गेली कामाला! म्हणाली, चाचांना तुम्हीच हसलात ना, मग आता तुम्हीच सांभाळा. गिऱ्हाईक अर्धी दाढी घेऊन बसलंय दुकानात! आणि ही त्याचा साबण खातेय!"

पोरीने चाचांना पाहिलं आणि भोंगा बंद झाला. दोन्ही हात पुढे केले. चाचांनी तिला घेतलं, ब्रश सोडवून न्हाव्याला दिला. तिने लगेच दाढीत बोटं घातली.

तोवर खुद्द मुकादमीण दारात येऊन उभी. तोंडावर ओढणी, आवाज मात्र तोच. "चाचा, हे काय चालवलंय? सकाळपासून एक बाई धड जागेवर बसलेली नाही. एकीचं पोर लसणाच्या ढिगात, एकीचं सडकेवर निघालं होतं. निवडायचं काय आणि धरायचं काय? मालक चिडलाय. तुमच्या सुनेचा हात फार चांगला आहे, पण तो नसला तर आम्ही भागवून नेऊ. तुमच्यावाचून नाही भागत. चला बघू."

न्हावी आ वासून बघत राहिला. चाचीने तोंडाला ओढणी लावली, पण हसू दिसतच होतं.

चाचा उभे राहिले, पोर कडेवर. एक पाऊल टाकलं आणि थबकले. चेहरा पडला.

"मला नाही येता येणार," ते म्हणाले. "मी सुनेचा मेहरम म्हणून तिथे बसत होतो. सून नसेल तर एवढ्या परक्या बायकांत मी कुठल्या नात्याने बसू? पडदा असला म्हणून काय झालं? तिच्याशिवाय मला तिथे पाय ठेवता येणार नाही."

सगळ्यांच्या माना चुलीकडे वळल्या. सून शांतपणे राख सारत होती.

"बेटा," चाचांनी हाक मारली.

"जी अब्बा."

"चलतेस का?"

"शेड बंद म्हणालात ना."

"म्हणालो होतो." चाचांनी पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. मग, न्हाव्याच्या देखत, मुकादमिणीच्या देखत म्हणाले, "चुकलं माझं. लोकांच्या हसण्याची शिक्षा मी तुला दिली. चल बेटा. तुझ्यावाचून मला कोण आत घेईल?"

सून उठली. हात धुतले, पुसले. डोळ्यांत पाणी आणि तोंडभर हसू, दोन्ही एकदमच.

"येते. पण अब्बा, माझी एक अट आहे."

चाचा सावध झाले. अट म्हटली की ती नीट ऐकावी, हे त्यांना आता चांगलंच कळलं होतं. "सांग."

"उद्या तुम्हाला ताप आला, कंबर धरली, काहीही झालं, तरी मी कामाला जाणार. एकटी."

चाचांचं बोट सवयीने वर निघालं. कडेवरच्या पोरीने ते धरलं. चाचांनी मुकादमिणीकडे पाहिलं, मग चाचीकडे. चाची मिरच्यांची देठं खुडत होत्या, जणू घरात काही चाललेलंच नाही.

"बरं," चाचा म्हणाले. "आणि तुला ताप आला तर?"

"तर तुम्ही घरी," सून म्हणाली, आणि बुरख्याची बटणं लावत त्यांच्या पुढे चार पावलं चालायला लागली.